'जपानी जुगाड' म्हणून येणारा फोटो बहुधा चिंदोगूचा असतो

व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो वरचेवर येतो. चॉपस्टिकला चिमट्याने बसवलेला इवलासा पंखा, समोर वाफाळत्या नूडल्सचा वाडगा आणि खाली ओळ, 'जपान्यांचा जुगाड बघा!' पाठोपाठ दुसरा फोटो येतो. मोटरसायकलचं मागचं चाक काढून तिथे शेतीची अवजारं जोडली आहेत आणि शेतकरी तिच्यावर बसून कोळपणी करतोय. दोन्ही फोटोंना तीच हसरी तोंडं मिळतात, दोन्ही एकाच दमात पुढे पाठवले जातात.

मला हे खटकतं. दिसायला दोन्ही सारखेच अतरंगी, दोन्हींत हातची खटपट आहे, दोन्ही कंपनीच्या कारखान्यातून आल्यासारखे वाटत नाहीत, म्हणून घोटाळा होतो हे खरं. पण दुसऱ्या फोटोतल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पहाटे तीच गाडी घेऊन शेतात जायचं असतं. पहिल्या फोटोतला पंखा दुसऱ्या दिवशी कुणी वापरला, तर तो बनवणाऱ्याचा बेत फसला असं धरलं जातं.

त्या पंख्याच्या जातकुळीला जपानमध्ये चिंदोगू म्हणतात. ही कल्पना केंजी कावाकामी या माणसाची. विमान अभियांत्रिकीचं शिक्षण अर्धवट सोडलेला आणि १९६०च्या दशकातल्या विद्यार्थी चळवळीत वावरलेला हा गृहस्थ १९८०च्या दशकात घरपोच खरेदीच्या एका मासिकाचा संपादक होता. मासिकाची शेवटची काही पानं रिकामी राहायची. ती भरायला त्याने स्वतः बनवलेल्या, पण कुणालाही विकत मिळणार नाहीत अशा वस्तूंचे फोटो छापायला सुरुवात केली. म्हणजे आधीची सगळी पानं 'हे घ्या, ते घ्या' सांगणारी आणि शेवटी अशी वस्तू, जी मागवायची सोयच नाही! वाचकांना ती पानं भलतीच आवडली. पुढे त्यावर पुस्तकं निघाली, १९९५मध्ये एक इंग्रजीतही आलं आणि जगभर चाहते झाले.

त्या सुरुवातीच्या वस्तूंपैकी एक नीट बघण्यासारखी आहे. डोळ्यांत औषध घालायचा चष्मा. साधी चष्म्याची फ्रेम, पण काचांच्या जागी दोन नरसाळी. मान मागे टाकायची, थेंब नरसाळ्यात सोडायचा, तो बरोबर डोळ्यात उतरतो. अडचण अगदी खरी आहे. डोळ्यांत औषध घालताना पहिला थेंब गालावर आणि दुसरा पापणीवर पडलेला नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. उपायही खरा आहे, थेंब चुकत नाही. पण आता तो चष्मा सांभाळायचा, नरसाळी धुऊन स्वच्छ ठेवायची, आणि पाहुण्यांसमोर तोंडावर नरसाळी लावून बसायचं. एक थेंब वाचवायला एवढा संसार! अडचण सुटते, पण तिच्यापेक्षा मोठी अडचण दारात येऊन उभी राहते. चिंदोगूची सगळी गंमत नेमकी इथे आहे.

आणि ही गंमत मोघम नाही, तिला दहा नियम आहेत. वस्तू कागदावरची कल्पना असून चालत नाही, ती खरोखर बनवलेली हवी, हातात धरता आली पाहिजे. ती रोजच्या जगण्यातली हवी. ती विकायची नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. तिचं पेटंट घ्यायचं नाही. निव्वळ हसवण्यासाठी ती बनवायची नाही, आधी एखादी अडचण सोडवायचा प्रामाणिक प्रयत्न हवा, हसू मागाहून यावं. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे ती नित्याच्या वापरात येता कामा नये. जो समाज प्रत्येक बारीकशा गैरसोयीवर विकत घेण्याजोगं उत्तर शोधतो, त्याच्यावरची ही टीका आहे, आणि माझ्या मते फार अचूक टीका आहे. तिच्याकडे येडपटपणा म्हणून पाहिलं, तर कावाकामीने घेतलेली मेहनत वाया जाते.

आता ती मोटरसायकल. तिचं नाव 'बुलेट सांती', गाव गुजरातमधल्या अमरेली जिल्ह्यातलं, बनवणारे मनसुखभाई जगानी. सौराष्ट्रात पावसाची वानवा. चारा मिळेना, बैलजोडी पोसणं परवडेना, आणि ट्रॅक्टर घेण्याइतकी जमीन नाही की पैसा नाही. मग दारातल्या एन्फिल्ड बुलेटचं मागचं चाक काढलं, तिथे दोन चाकांचा आस बसवला आणि त्याला अवजारं अडकवायची सोय केली. नांगरणी, पेरणी, कोळपणी, ज्याचं काम त्याचं अवजार लावायचं. काम संपलं की मागचं चाक पुन्हा बसवायचं आणि गाडी रस्त्यावर. एकरभर रान अर्ध्या तासात, जेमतेम दोन लिटर डिझेलमध्ये होतं, असं या यंत्राबद्दल सांगितलं जातं. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन या संस्थेने या कामाची दखल घेतली, आणि पेटंट भारतातच नाही तर अमेरिकेतही मिळालं.

पेटंटवर जरा थांबू या, कारण दोघांमधली भिंत इथे हाताला लागते. चिंदोगू बनवणाऱ्याने पेटंट घेतलं तर तो नियम मोडतो. जुगाड करणाऱ्याला पेटंट मिळालं तर त्याच्या कष्टांचं चीज होतं. एकाला वस्तू बाजारापासून लांब ठेवायची आहे, दुसऱ्याला बाजाराने दारातच उभं केलेलं नाही. चिंदोगू सुचायला घरात सगळं असावं लागतं, इतकं की आता नूडल्स निवायला लागणारी दोन मिनिटंसुद्धा सहन होऊ नयेत. जुगाड सुचतो तो काहीतरी नसतं म्हणून. पंखेवाल्या चॉपस्टिकवर मनमोकळं हसावं, ती त्याचसाठी आहे. बुलेट सांतीवर तसंच हसलं, तर त्या शेतकऱ्याच्या ओस पडलेल्या दावणीवर हसल्यासारखं होतं.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे. तिथल्या एका लोहारकाम करणाऱ्या कारागिराने मुलाच्या हौसेखातर भंगारातल्या सामानातून छोटी जीप बनवली, साठेक हजार रुपयांत. इंजिन किक मारून सुरू होतं, मोटरसायकलसारखं. २०२१च्या डिसेंबरमध्ये तिचा व्हिडिओ गाजला. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तो पाहिला, ही गाडी नियमांत बसत नसल्याने ती आज ना उद्या रस्त्यावरून काढली जाईल असं स्पष्ट लिहिलं, आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२मध्ये ती बोलेरो त्या घरी पोचलीसुद्धा.

नियमांत न बसण्याची ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जुगाडाचं कौतुक करताना आपण ती हटकून गिळून टाकतो. उत्तर भारतात शेतीपंपाचं डिझेल इंजिन लाकडी गाड्यावर चढवून केलेलं वाहनच 'जुगाड' या नावाने ओळखलं जातं. त्यात माणसं खच्चून भरतात. नोंदणी नाही, विमा नाही, ब्रेकचा भरवसा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये सांगितलं, की हेसुद्धा मोटार वाहनच आहे आणि कायद्यातल्या अटी पाळल्याशिवाय ते रस्त्यावर आणता येणार नाही. जुगाड रोज वापरात असतो, म्हणून त्यात जीवही जाऊ शकतो. चिंदोगूच्या वाट्याला हा धोका येत नाही. टाकाऊतून टिकाऊ म्हणून जुगाडाला डोक्यावर घेणाऱ्यांनी त्यातलं 'टिकाऊ' एकदा तपासून बघावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गरज एकच असली तरी उत्तरं कशी फाकतात बघा. लोकलगाडीत डुलकी लागून स्टेशन निघून जाणं टोकियोतही होतं आणि मुंबईतही. कावाकामीने त्यावर हेल्मेट काढलं. मागे रबरी वाटी, ती काचेला चिकटते म्हणजे मान शेजाऱ्याच्या खांद्यावर कलंडत नाही, आणि पुढे कपाळावर पाटी, मला अमुक स्टेशनला उठवा. मुंबईत हे काम 'दादा, ठाणं आलं की हाक मारा' एवढ्या एका वाक्यात भागतं. तेच पावसाचं. बुटांच्या टोकांवर बसवलेल्या चिमुकल्या छत्र्या हे चिंदोगूचं गाजलेलं रूप. कोकणात भातलावणी करताना दोन्ही हात चिखलात असतात, छत्री धरणार कोण? म्हणून डोक्यापासून पाठीपर्यंत झाकणारं बांबूचं आणि पानांचं इरलं. इरलं जुगाडही नाही, ती पिढ्यान्‌पिढ्यांची वस्तू आहे. पण हेही विचित्र दिसतं म्हणून कुणी त्याचा फोटो छत्रीवाल्या बुटांशेजारी लावला, तर मला तरी वाईट वाटेल.

तरीही एक वस्तू अशी आहे, जी या सगळ्या वाटणीला दाद देत नाही. १९९५च्या त्या पुस्तकात, निरुपयोगी वस्तूंच्या रांगेत, एक काठी होती. तिच्या टोकाला कॅमेरा अडकवायचा आणि स्वतःचा फोटो स्वतःच काढायचा. सेल्फी स्टिक! कावाकामीच्याही आधी, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, मिनोल्टा कंपनीतले अभियंते हिरोशी उएदा यांनी तशी काठी अगदी गंभीरपणे बनवली होती. युरोपच्या सहलीत पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाजवळ त्यांनी एका मुलाला फोटो काढायला सांगितलं आणि तो कॅमेरा घेऊन पळाला, तिथून ही कल्पना निघाली. काठीसोबतच्या कॅमेऱ्याला पुढच्या बाजूने छोटा आरसासुद्धा होता, म्हणजे आपण चौकटीत आहोत की नाही ते दिसावं. १९८३मध्ये पेटंट झालं, पण काठी खपली नाही. कंपनीच्या चाचणीत बायकांना असा स्वतःचा फोटो काढणं लाजिरवाणं वाटलं होतं. २००३मध्ये पेटंटची मुदत संपली, पुढचा कॅमेरा असलेले फोन घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी.

आज गणपतीच्या मंडपापासून रायगडाच्या पायऱ्यांपर्यंत ती काठी दिसते. कावाकामीच्या नियमाप्रमाणे पाहिलं तर चिंदोगूच्या यादीतून तिचं नाव खोडायला हवं, कारण लोक ती वापरतात आणि पैसे मोजून विकत घेतात.