छायाचित्रातील नॉइज आणि त्याचे निवारण

अंधूक उजेडात कॅमेऱ्याचा आयएसओ (सेन्सरचा संकेत किती उजळवायचा हे ठरवणारा आकडा) वाढवून टिपलेल्या छायाचित्रात जे रवाळ दाणे व रंगीत ठिपके दिसतात त्यांना नॉइज म्हणतात. मूळ तपशील शाबूत ठेवून ते कमी करणे म्हणजे नॉइज-निवारण. आयएसओ वाढवला की सेन्सर जास्त प्रकाश घेतो, हा समज सर्रास आढळतो, पण तो चुकीचा आहे. एकाच दृश्यात आयएसओ १०० ऐवजी ६४०० वापरून तोच उजळपणा मिळवला, तर सेन्सरवर ६४ पटींनी कमी प्रकाश पडलेला असतो. त्यातून मिळालेला तुटपुंजा विद्युत-संकेत तेवढ्याच पटींनी वाढवला जातो.

नॉइजचे मूळ प्रकाशाच्या स्वभावातच आहे. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, संथ धारेने न येता पागोळ्यांच्या थेंबांसारखे अनियमित पडतात. त्यामुळे सरासरी १०,००० फोटॉन टिपणाऱ्या पिक्सेलमध्ये सुमारे १०० चा, म्हणजे एक टक्क्याचा, चढउतार होतो, तर १०० फोटॉनांवर भागवणाऱ्या पिक्सेलमध्ये १० चा, म्हणजे तब्बल दहा टक्क्यांचा. संकेत वाचणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मंडलाची खोट यात मिसळते, आणि एक्स्पोजर (सेन्सरवर प्रकाश पडू देणे) लांबले तर उष्णतेने सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांचीही, जी गोव्यातील मे महिन्याच्या उकाड्यात थंडीच्या रात्रीपेक्षा अधिक जाणवते.

गोव्यातील तांबडी सुर्ला येथील कदंबकालीन महादेव मंदिर काळ्या बेसाल्टचे असल्यामुळे हे दोष तेथे ठळक दिसतात: खांबांच्या सावलीत हिरवे-जांभळे ठिपके उमटतात, आणि मंडपाच्या छतावरील कमळाच्या पाकळ्यांच्या कडा दाण्यांत हरवतात. कमळ मात्र हलत नाही. परवानगी असल्यास ट्रायपॉडवरून आयएसओ १०० वर काही सेकंदांचे एक्स्पोजर घेता येते. अन्यथा १६ छायाचित्रे लागोपाठ टिपून, जुळवून त्यांची सरासरी काढल्यास यादृच्छिक नॉइज एक चतुर्थांशावर येतो. पालखी किंवा दिवजांची, म्हणजे पेटत्या दिव्यांची, जत्रा टिपताना हे दोन्ही मार्ग बंद होतात. तेथे मोठ्या छिद्राची लेन्स, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) आणि ज्योती पांढऱ्याफटक होऊ न देता जमेल तितके भरघोस एक्स्पोजर यांवरच भिस्त ठेवावी लागते. नॉइजच्या धास्तीने आयएसओ कमी ठेवून काळोखे टिपलेले छायाचित्र नंतर संगणकावर उजळवण्यात काहीच लाभ नसतो. अनेक कॅमेऱ्यांत सावल्या उलट अधिकच बिघडतात.

सॉफ्टवेअरचे काम त्यानंतरचे. रंगाचा नॉइज बराचसा पुसला तरी डोळ्याला खटकत नाही, कारण रंगातील बारीक फरक आपल्याला फारसे दिसत नाहीत. उजळपणाचा नॉइज पुसताना मात्र पोतही पुसला जातो. २००५ मध्ये मांडलेली ‘नॉन-लोकल मीन्स’ पद्धत चित्रात इतरत्र असलेले सारखे तुकडे शोधून त्यांची सरासरी घेते. अलीकडची न्यूरल नेटवर्क असंख्य छायाचित्रांवरून शिकून अंदाज बांधतात आणि कधी मुळात नसलेला तपशीलही रचतात, जे नोंदीसाठीच्या छायाचित्रात अक्षम्य मानावे लागेल. दिवजांच्या उजेडातील चेहऱ्यावर निवारण जोरात चालवले, तर कपाळावरच्या कुंकवाची कड विरघळते आणि त्वचा मेणासारखी दिसते. छपाईसाठी थोडा रवाळपणा राहू दिलेला बरा; लहान आकारात छापताना शेजारचे पिक्सेल एकत्र होऊन तो बराचसा आपोआप विरतो.