गाइड म्हणजे वाया गेलेले पैसे?

‘फोनमध्ये नकाशा आहे, माहिती आहे, मग परदेशात गाइड कशाला? तो फक्त कमिशनच्या दुकानांत फिरवतो.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय, आणि त्यात अर्धंच सत्य आहे.

पहिली गोष्ट, काही ठिकाणी निवड तुमच्या हातात नसतेच. पेरूमधल्या इंका ट्रेल या माचू पिचूच्या प्राचीन अवशेषांकडे जाणाऱ्या डोंगरवाटेवर परवानाधारक गाइडशिवाय पाऊल टाकता येत नाही. तिथे गाइड आणि हमाल धरून दिवसाला 500 जणांनाच परवाना मिळतो. टांझानियातल्या किलिमांजारोवरही एकट्याने चढाई करता येत नाही. तिकिटं काढण्याआधी हे तपासलं नाही, तर सगळा बेत कोलमडतो.

कमिशनची तक्रार खोटी नाही. पण ती बहुतेकदा स्टेशनबाहेर गाठणाऱ्या, ‘फुकट दाखवतो’ म्हणणाऱ्या माणसाबद्दल असते. इटलीत गाइडला परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. म्हणून परवाना दाखवायला सांगा, संकोच कसला? ‘दुकानं नकोत’ हे आधीच ठरवा, आणि तास व रक्कम लिहून घ्या.

सगळीकडे मात्र गाइड लागत नाही. समुद्रकिनारा, बाग, बाजार स्वतःच भटका. संग्रहालयात अनेकदा ऑडिओ गाइड पुरतो. पण पडझड झालेले प्राचीन अवशेष पाहताना माणूसच हवा, असं मला ठामपणे वाटतं. नुसत्या दगडांच्या रांगेत स्नानगृह कुठलं, बाजार कुठला, हे तो दाखवतो आणि तुमच्या प्रश्नाला तिथेच उत्तर देतो. सहलीच्या पहिल्याच दिवशी अर्ध्या दिवसासाठी गाइड घेतलात, तर पुढचे दिवस तुम्ही एकटेही निर्धास्त फिराल.