पाय अधांतरी: रुळाखाली टांगलेल्या रोलर कोस्टरची पार्श्वभूमी

लातूरहून खोपोलीला सहलीला जाऊन आलेली पोरं दर हिवाळ्यात एकच सांगतात, "सर, आम्ही उलटे झालो!" रूळ डोक्यावर होता की बुडाखाली, असं विचारलं की गोंधळतात. 2013 साली सुरू झालेल्या खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन पार्कातल्या 'नायट्रो' या रोलर कोस्टरला तळ नाही, पाय मोकळे लोंबतात, पण रूळ खालीच आहे. 'इन्व्हर्टेड' कोस्टरमध्ये मात्र रूळ डोक्यावर असतो आणि सगळी गाडी त्याला खालून टांगलेली असते. माणूस किती वेळा उलटा होतो, याच्याशी या नावाचा संबंध नाही.

टांगून फिरण्यातली गंमत आपल्याला चांगली ठाऊक आहे. माळेगावच्या यात्रेतला रहाटपाळणा आठवा. पाळणा वरच्या दांड्याला सैल अडकवलेला असतो, म्हणून चाक कसंही फिरलं तरी बसलेला सरळच राहतो. हीच सैल लटकण रुळावर आणायचा प्रयत्न ॲरो या अमेरिकी कंपनीनं 1981 साली केला. ओहायोतल्या किंग्ज आयलंड या पार्कात 'द बॅट' हा कोस्टर सुरू झाला. डबे रुळाखाली झुलत जायचे आणि वळणावर बाहेरच्या अंगाला उचलले जायचे. पण वळणांवर रूळ हवा तेवढा कलता केलेला नव्हता. त्याचा ताण सांगाड्यावर आणि डब्यांवर यायचा, दुरुस्तीसाठी गाडी सारखी बंद पडायची. 1983 मध्ये ती कायमची थांबली. त्यातून धडा घेऊन ॲरोनं 1984 साली व्हर्जिनियात 'बिग बॅड वुल्फ' उभा केला. तो 2009 पर्यंत चालला. मोकळ्या झुलणाऱ्या डब्याला उभी गिरकी मात्र देता येईना. वर गेल्यावर तो कुठं झुकेल याचा भरवसा नव्हता.

गिरकीचा इतिहास याहून जुना आहे, आणि तो मानेचा इतिहास आहे. 1895 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 'फ्लिप फ्लॅप' हा कोस्टर आला. त्याचं वेटोळं अगदी गोल होतं, आणि बसणाऱ्यांच्या मानेला हिसके बसायचे. कारण साध्या गणितात आहे. गोल वेटोळ्यात गाडी माथा जेमतेम ओलांडेल एवढ्याच वेगानं शिरली, तरी तळाशी आपल्या वजनाच्या सहापट दाब येतो, आणि तोही एका क्षणात. उत्तर सापडायला ऐंशी वर्षं गेली. 1976 साली कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन पार्कात आंतोन श्वार्त्सकोफ आणि वेर्नर श्टेंगल या जर्मन अभियंत्यांनी 'रेव्होल्यूशन' या कोस्टरचं वेटोळं थेंबासारखं केलं: तळाशी पसरट, माथ्यावर आवळलेलं. त्यामुळे दाब हळूहळू चढतो. मला या सगळ्या गोष्टीत हे वळण सर्वांत सुंदर वाटतं. फळ्यावर खडूनं काढून दाखवलं की दहावीच्या पोरांनाही पटतं.

आता टांगलेली गाडी आणि गिरकी एकत्र आणायची, तर झोका अडवायला हवा होता. ते वाल्टर बोलिगर आणि क्लोद माबियार या दोन स्विस अभियंत्यांनी केलं. 1988 मध्ये त्यांनी माँथे गावी स्वतःची कंपनी काढली. शिकागोजवळच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अमेरिका या पार्काचे व्यवस्थापक जिम विंट्रोड यांनी रुळाखालून गिरक्या घेणाऱ्या गाडीची कल्पना उचलून धरली, आणि 9 मे 1992 ला 'बॅटमॅन: द राइड' धावू लागली. सीट रुळाखालच्या चौकटीला पक्क्या बसवलेल्या होत्या, एका ओळीत चार. बाजूला झुलायला जागाच ठेवली नाही. त्याऐवजी रूळच पिळत नेला, म्हणजे जोर बाजूनं न येता सीटच्या दिशेनंच येतो. उंची सुमारे 30 मीटर, वेग ताशी 80 किलोमीटर, गिरक्या पाच.

नंतर असे कोस्टर जगभर झाले. त्यांत इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्स पार्कातला 1994 चा 'नेमेसिस' वेगळा, कारण तिथं झाडांच्या शेंड्यांपेक्षा उंच काही बांधायला परवानगी नव्हती. त्याची आखणी करणाऱ्या जॉन वॉर्डली यांनी मग उंची खाली शोधली. आपल्याकडं विहिरीसाठी फोडतात तसा खडक फोडून खोल खड्डा केला आणि रूळ त्यातून फिरवला. बसणाऱ्याला वाटतं, आता पाय दगडाला लागणार. 2022 मध्ये ही गाडी थांबवून तिचा जुना रूळ बदलायला घेतला, आणि मार्च 2024 मध्ये ती त्याच खड्ड्यातून, त्याच वाटेनं पुन्हा धावू लागली.