बंदिस्त उभी शेती आणि पाण्याची बचत

बंद इमारतीत एकावर एक रचलेल्या थरांवर, मातीविना, एलईडी दिव्यांच्या उजेडात पिके घेणे म्हणजे उभी शेती (व्हर्टिकल फार्मिंग). कोलंबिया विद्यापीठातील डिक्सन डेस्पोमिये यांनी १९९९ पासून ही कल्पना पुढे आणली. जगभर उपसल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी शेतीला लागते, त्यामुळे या पद्धतीचा पाण्याचा हिशेब महत्त्वाचा ठरतो.

हायड्रोपोनिक्समध्ये अन्नद्रव्ये विरघळवलेले पाणी उथळ पन्हळीतून मुळांना स्पर्श करत वाहते आणि पुन्हा टाकीत येते. एरोपोनिक्समध्ये अधांतरी मुळांवर त्याचे तुषार उडवतात. जमिनीत झिरपून जाणारे पाणी अशा रीतीने वाचते. पण खरी बचत त्याहून पुढची आहे. मुळांनी शोषलेल्या पाण्यातला ९५ टक्क्यांहून अधिक भाग पानांच्या रंध्रांतून वाफ होऊन बाहेर पडतो. उघड्या शेतात ती वाफ वाऱ्यावर जाते. बंद खोलीत मात्र हवा दमट होते, वातानुकूलन यंत्राच्या थंड नळ्यांवर तिचे थेंब जमतात आणि ते गोळा करून टाकीत परत सोडता येतात. दमट हवा पंख्याने बाहेर टाकली, तर ही बचत हातची जाते. म्हणून बचतीचे आकडे वाचताना वाफ परत मिळवली जाते का, हे आधी पाहावे.

तेच पाणी फिरत राहिले की पिकाला न लागणारे सोडियमसारखे क्षार त्यात साचतात. द्रावणाची विद्युतवाहकता (तिच्यावरून क्षारांचे प्रमाण कळते) आणि सामू (आम्लतेचे माप) सतत मोजावे लागतात, आणि अधूनमधून टाकी रिकामी करावीच लागते. मुळे कुजवणारा पिथियम हा बुरशीसारखा सूक्ष्मजीवही याच वाटेने एका रोपापासून सगळ्यांपर्यंत पोचतो. त्यासाठी पाणी अतिनील किरणांखालून नेतात.

बचतीची किंमत विजेत मोजावी लागते. ॲरिझोनातील लेट्यूसबद्दल २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किलोमागे शेतात सुमारे २५० लिटर, तर हरितगृहातील हायड्रोपोनिक्समध्ये २० लिटर पाण्याचा अंदाज निघाला. ऊर्जा मात्र ८० पटींहून जास्त. हरितगृहात सूर्यप्रकाश तरी फुकट होता; उभ्या शेतीत तोही दिव्यांनी द्यावा लागतो. औष्णिक वीजकेंद्रांनाही थंडाव्यासाठी पाणी लागते, तेव्हा तेही या हिशेबात धरायला हवे. शिवाय दिव्यांचा खर्च मुख्यतः पालेभाज्या आणि स्वयंपाकातल्या सुगंधी पाल्याला पेलतो. गहू, भात, ऊस ही सिंचनाचे सर्वाधिक पाणी पिणारी पिके अजून शेतातच आहेत.