रात्रीचं कृष्णधवल वास्तुछायाचित्रण

शहरातल्या इमारती, पूल, स्टेशनं, चौक यांचे अंधार पडल्यावर आणि शक्यतो तिथल्याच दिव्यांच्या उजेडात काढलेले कृष्णधवल फोटो या प्रकारात येतात. फ्लॅश मारून काढलेले रस्त्यावरचे फोटो यात सहसा धरत नाहीत. संधिप्रकाशातले धरायचे की नाही यावर जाणकारांत एकमत नाही, पण ते वगळले तर या प्रकारातली बरीचशी गाजलेली कामंच बाहेर पडतात, म्हणून इथे धरले आहेत.

सुरुवात कुणी केली

हा जुना वाद आहे. ब्रिटिश लेखक बहुतेक पॉल मार्टिनचं नाव घेतात. त्याने साधारण १८९५-९६ च्या सुमारास गॅसच्या दिव्यांतलं लंडन टिपलं आणि त्याला १८९६ मध्ये रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचं पदकही मिळालं. अमेरिकन लेखक आल्फ्रेड स्टिग्लिट्झकडे झुकतात, त्याचे न्यूयॉर्कचे रात्रीचे फोटो १८९७-९८ चे म्हणजे वर्ष-दोन वर्षं नंतरचेच, आणि मार्टिनचं काम बघून त्याला हुरूप आला असं बऱ्याच ठिकाणी म्हटलेलं आहे. तारखा बघितल्या तर मार्टिनचं पारडं जड वाटतं. पण दोघांच्याही फोटोत खरा विषय असतो ओला रस्ता, दिव्यांची रांग आणि धुकं. इमारत मागे उभी असते एवढंच. इमारत हाच विषय धरला तर एडवर्ड स्टायकेनचा फ्लॅटआयर्न बिल्डिंगचा १९०४ चा फोटो आधी आठवतो, मात्र तो संधिप्रकाशातला आहे आणि त्याच्या गाजलेल्या प्रिंट्सना वरून रंगाची छटा दिलेली आहे, त्यामुळे काटेकोर बोलायचं तर तो कृष्णधवलही नाही.

या वादात एक गोष्ट नेहमी राहून जाते, ती म्हणजे कुणी आधी केलं हे फोटोग्राफरपेक्षा दिव्यांनी जास्त ठरवलं. त्या काळच्या साध्या प्लेटांना (फिल्मच्या जागी वापरायच्या, रसायनाचा थर दिलेल्या काचांना) निळा उजेड दिसायचा, पिवळा-तांबडा जवळपास नाहीच, आणि गॅसचा दिवा तर सगळा पिवळा-तांबडाच. म्हणजे डोळ्याला लख्ख दिसणारा कंदील प्लेटला मिणमिणता. सगळे रंग पकडणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा बाजारात आल्या १९०६ च्या आसपास. दुसरीकडे इमारतीही तोवर रात्री काळ्याच असायच्या. न्यूयॉर्कच्या सिंगर टॉवरवर १९०८ मध्ये प्रकाशझोत सोडले गेले, १९१३ मध्ये वूलवर्थ बिल्डिंगचं उद्घाटन झालं तेव्हा राष्ट्राध्यक्ष विल्सननी वॉशिंग्टनमध्ये बसून बटण दाबलं आणि ८०,००० बल्ब एकदम लागले. रात्री बघायची इमारत ही कल्पना इथून पुढची, आणि खऱ्या अर्थाने हा प्रकार १९३० च्या दशकातला मानणं जास्त बरोबर वाटतं.

पॅरिस, न्यूयॉर्क, लंडन

ब्रासाई (मूळ नाव ग्युला हलास, जन्म १८९९) याचं रात्रीच्या पॅरिसचं पुस्तक १९३२ च्या शेवटी आलं, काही ठिकाणी वर्ष १९३३ देतात. त्याच्याकडे छोट्या प्लेटांचा फोइग्टलेंडर कॅमेरा होता. एक्स्पोजर, म्हणजे प्लेटवर उजेड पडू द्यायचा वेळ, तो सिगरेट संपायला लागणाऱ्या वेळावर मोजायचा, जरा उजेड असेल तर गोल्वाझ आणि जास्त अंधार असेल तर जाडजूड बोयार, हा किस्सा त्यानेच सांगितलेला आहे. पण शिकण्यासारखी युक्ती वेगळी आहे. तो दिवा फ्रेममध्ये उघडा येऊच द्यायचा नाही, झाडाचा बुंधा, खांब किंवा भिंतीचा कोपरा मध्ये येईल असा उभा राहायचा, म्हणजे उजेड भिंतीवर दिसतो पण दिव्याभोवती पांढरा गोळा होत नाही. हा गोळा येतो कशाने, तर तेज उजेड प्लेटच्या थरातून आरपार जातो, मागच्या काचेवर आपटून परत येतो आणि आजूबाजूचा थरही जाळतो. आता फिल्मच्या मागे हे परावर्तन शोषणारा थर असतो तरी थोडाफार गोळा येतोच. पाऊस आणि धुकं त्याला हवंच असायचं, ओल्या फरसबंदीमुळे खालूनही उजेड मिळतो.

बेरेनिस ॲबट हिचा वरून दिसणाऱ्या न्यूयॉर्कचा रात्रीचा फोटो कदाचित या प्रकारातला सगळ्यात जास्त छापला गेलेला असावा. तारीख बहुतेक संग्रहालयं १९३२ देतात, काहींनी १९३४ धरली आहे. १९३२ जास्त रूढ आहे. फोटो एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून काढल्याचं मानलं जातं, एक्स्पोजर सुमारे १५ मिनिटांचं. यातलं गणित बघण्यासारखं आहे. ऑफिसं पाचला सुटणार आणि दिवे बंद होणार, म्हणजे पाचच्या आत पुरेसा अंधार व्हायला हवा, आणि असं वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसांतच होतं, डिसेंबरच्या २० तारखेच्या आगेमागे न्यूयॉर्कला सूर्य साडेचारलाच मावळतो. मधल्या अर्ध्या तासात १५ मिनिटांचं एक्स्पोजर बसवायचं म्हणजे दुसरी संधी जवळपास नाहीच, वारा सुटून इमारत किंचित हलली तरी वर्षभर थांबा.

बिल ब्रांटने उलटं केलं. महायुद्धात लंडनला ब्लॅकआउट होता, एकही दिवा नाही, तेव्हा त्याने नुसत्या चांदण्यात इमारती टिपल्या. दिव्यांशिवायचं आधुनिक शहर पुन्हा फारसं कुणाला मिळालं नाही. लॉस एंजेलिसला ज्युलियस शुलमनने १९६० मध्ये पिअर कोनिगच्या काचेच्या घराचा फोटो काढला त्यात खालच्या शहराच्या दिव्यांसाठी सुमारे ७ मिनिटांचं एक्स्पोजर आणि मग त्याच निगेटिव्हवर आतल्या माणसांसाठी फ्लॅशबल्ब, असं दोन टप्प्यांत काम केलं. वरच्या व्याख्येत हा फोटो बसत नाही पण उल्लेख सगळीकडे असतो.

एक्स्पोजर आणि फिल्मचं वागणं

बुन्सन आणि रॉस्को यांनी १८६२ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे उजेड निम्मा झाला तर वेळ दुप्पट द्यायचा, हिशोब सारखाच राहतो. दिवसा हे चालतं. रात्री चालत नाही, कारण उजेड फार मंद असेल तर फिल्ममधला चांदीचा कण एक-दोन प्रकाशकणांनी जागा होतो आणि पुढचा यायच्या आत परत निजतो. याला रेसिप्रॉसिटी फेल्युअर म्हणतात. त्याचं सूत्र खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्झशिल्डने १९०० च्या सुमारास ताऱ्यांचे फोटो काढताना बसवलं, म्हणून जुन्या पुस्तकांत त्याच्या नावानेही ते सापडतं.

प्रत्यक्षात फरक केवढा पडतो? कोडॅकच्या ट्राय-एक्स ४०० या फिल्मच्या तक्त्यात उजेड मोजणाऱ्या मीटरने १ सेकंद दाखवला तर २ द्यायचे, १० ला ५०, आणि १०० ला चक्क १२०० म्हणजे २० मिनिटं. इलफर्डच्या एचपी५ फिल्मला मोजलेल्या सेकंदांचा १.३१ घात करायचा, १० चे साधारण २० होतात आणि ६० चे साडेतीन मिनिटं. फूजीची ॲक्रॉस मात्र १२० सेकंदांपर्यंत काहीही वाढवून मागत नाही, त्यामुळे २०१८ मध्ये ती बंद झाली तेव्हा रात्रीचं काम करणाऱ्यांत हळहळ होती. २०१९ मध्ये ॲक्रॉस दोन नावाने परत आली.

वास्तूच्या फोटोत याचा अजून एक ताप होतो. उजळलेली कमान आणि तिच्या आतला काळोख हे एकाच निगेटिव्हवर असतात, कमानीला फेल्युअर लागू होत नाही, काळोखाला होतं, म्हणजे आधीच टोकाचा असलेला कॉन्ट्रास्ट आणखी वाढतो. उपाय म्हणजे एक्स्पोजर सावलीसाठी द्यायचं आणि डेव्हलपिंगची वेळ कमी करायची, ट्राय-एक्सच्या त्याच तक्त्यात १, १० आणि १०० सेकंदांना अनुक्रमे १०, २० आणि ३० टक्के कमी सांगितली आहे. संधिप्रकाशात काढला की हा प्रश्न अर्धा सुटतो कारण आकाशाचा उजेड सावल्यांत उतरतो, आणि इमारतीची वरची कड आकाशातून सुटी दिसते. युरोपातल्या पुस्तकांत यासाठी निवांत पाऊण तास सांगितलेला असतो, लंडनला जूनमध्ये तेवढा मिळतोही. मुंबईच्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली जातो आणि सूर्यास्तानंतर २२ ते २५ मिनिटांत विषय संपतो, ट्रायपॉड आधीच लावून ठेवलेला बरा.

दिव्यांच्या बिंदूंना टोकं फुटतात ती ॲपर्चरच्या, म्हणजे लेन्समधलं भोक लहान-मोठं करणाऱ्या पात्यांमुळे; पाती सम असतील तर तेवढीच टोकं, विषम असतील तर दुप्पट.

मुंबई

मुंबईत रस्त्यावर गॅसचे दिवे आले १८६५ मध्ये, विजेचे १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटपासून. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचं सीएसएमटी (बांधकाम १८७८ ते १८८७-८८), त्याच्यासमोरची त्याचीच महापालिकेची इमारत, राजाबाई टॉवर, आणि मग मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती, रीगल आणि इरॉस थिएटर ही नेहमीची ठिकाणं. गॉथिक इमारतींना कृष्णधवल जास्त मानवतं असं दिसतं, कारण कोरीवकामाला कडेने येणारा उजेड लागतो आणि रंग त्यात लुडबुड करतो. सीएसएमटीवर तर आता रंग बदलत जाणारे दिवे आहेत, ३० सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये दोन-तीन रंग एकावर एक चढतात आणि रंगीत फोटोचा चिखल होतो, कृष्णधवलात ते फक्त कमी-जास्त करडे होतात. तिथली खरी अडचण बस. गाड्यांच्या हेडलाइटच्या रेघा खाली रस्त्यालगत राहतात, पण बेस्टच्या बसच्या खिडक्यांचा उजेड वर तळमजल्याच्या कमानींवरून पांढरा पट्टा ओढून जातो, म्हणून सिग्नल बघून लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरायचा, बस गेली की काढायचा. सेकंद फक्त पुठ्ठा नसतानाचे मोजायचे.

मरीन ड्राइव्हवर २०१५ मध्ये पिवळे सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी लावले आणि राणीचा हार गेला म्हणून मोठा वाद झाला, पुढे पुन्हा पिवळसर छटेचे दिवे आले. देशभरात सोडियम जाऊन एलईडी यायचा कार्यक्रमही त्याच वर्षी जानेवारीत सुरू झाला. कृष्णधवलवाल्यांना हा बदल वाटतो त्यापेक्षा जास्त जाणवतो. कमी दाबाच्या सोडियमचा उजेड जवळपास एकाच रंगाचा, ५८९ नॅनोमीटरच्या आसपास, त्याखाली लाल वीट आणि निळी पाटी दोन्ही फक्त गडद-फिकट दिसतात आणि कुठलाही फिल्टर लावला तरी एक्स्पोजर तेवढं बदलतं. आपल्याकडे जास्त होते ते उच्च दाबाचे, ते थोडे बरे, पण निळा त्यातही नगण्यच. एलईडीत निळा भरपूर असतो, त्यामुळे पिवळा किंवा नारिंगी फिल्टर रात्रीही काम करायला लागला.

डिजिटल

बहुतेक जण रंगीत रॉ फाइल (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) काढून नंतर कृष्णधवल करतात, म्हणजे फिल्टर घरी बसून लावता येतो. सोडियमखालच्या फाइलमधला निळा चॅनल (निळ्या रंगाची नोंद) मात्र नुसता नॉइज, म्हणजे दाणेदार कचरा असतो, तो मिसळू नये. रेसिप्रॉसिटीची भानगड सेन्सरला नाही. उलट उजेड जास्त होऊन जळालेला, म्हणजे नुसता पांढरा झालेला दिवा सेन्सर अजिबात परत देत नाही, निगेटिव्हवर थोडंफार काही उरतं, त्यामुळे इथे दिव्यांसाठी एक्स्पोजर द्यायचं आणि सावल्या नंतर उचलायच्या, फिल्मच्या बरोबर उलट. रंगांची जाळी नसलेले निव्वळ कृष्णधवल सेन्सरचे कॅमेरेही मिळतात, लायका एम मोनोक्रोम (२०१२) आणि पेंटॅक्सचा के-३ मार्क तीन मोनोक्रोम (२०२३) हे त्यातले. त्यांना नॉइज कमी, पण रंगांची माहितीच नसल्यामुळे फिल्टर पुन्हा लेन्सवरच लावावा लागतो.