वेट-स्मिथ आणि थॉथ: सत्ती एकच, अर्थ दोन

गेल्या महिन्यात ऐरोलीची एक मुलगी माझ्याकडे नौपाड्यात आली. पिशवीत थॉथ या टॅरोचा, म्हणजे भविष्य बघण्याच्या पत्त्यांचा, नवा डेक आणि सोबत वेट-स्मिथ या दुसऱ्या टॅरो डेकवरचं पुस्तक. नोकरी बदलू का, असं विचारून तिनं तीन पत्ते काढले होते. मधला पत्ता होता सेव्हन ऑफ डिस्क्स, म्हणजे नाण्यांची सत्ती. "ताई, पुस्तकात शेतकरी दाखवलाय. माझ्या पत्त्यावर माणूसच नाही, आणि खाली लिहिलंय फेल्युअर." दोन रात्री तिला नीट झोप लागली नव्हती.

हा घोळ फार जणांचा होतो. दोन्ही डेकमध्ये ७८ पत्ते: २२ मेजर, म्हणजे स्वतंत्र नावांचे, आणि ५६ मायनर, म्हणजे चार रंगांचे. दोन्हींचं मूळही एकच, १८८८ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेली गोल्डन डॉन ही गूढविद्येची संस्था. वेट-स्मिथमागचा आर्थर एडवर्ड वेट आणि थॉथमागचा अ‍ॅलिस्टर क्रॉली, दोघेही तिचे सदस्य. म्हणून एकाचं पुस्तक दुसऱ्याला चालेल असं वाटतं. ते चालत नाही.

वेटचा डेक १९०९ मध्ये निघाला. चित्रं पामेला कोलमन स्मिथ हिची. तिचं नाव डेकच्या नावात कित्येक वर्षं नव्हतं. मी आवर्जून वेट-स्मिथ म्हणते. तिनं एक्क्यापासून दश्शीपर्यंतच्या साध्या पत्त्यांतही प्रसंग रंगवले. नाण्यांच्या सत्तीत एक तरुण काठीला टेकून वेलीवर लागलेल्या सात नाण्यांकडे बघत उभा आहे. पुस्तक न उघडताही आपण म्हणतो, राबलाय बिचारा, आता पीक कसं येतंय ते बघतोय. नवशिक्याला या डेकमध्ये हाच मोठा आधार असतो: आधी चित्र बोलतं, अर्थ त्यातून येतो.

थॉथमध्ये हे उलट आहे. लेडी फ्रीडा हॅरिस यांनी ही चित्रं १९३८ ते १९४३ या काळात क्रॉलीच्या सांगण्यावरून काढली. क्रॉलीचं या पत्त्यांवरचं पुस्तक १९४४ मध्ये आलं, फक्त २०० प्रती. पत्त्यांचा संच विक्रीला आला १९६९ मध्ये. तोवर क्रॉली जाऊन बावीस वर्षं झाली होती आणि हॅरिसही १९६२ मध्ये श्रीनगरला वारल्या होत्या. इथे एक्का ते दश्शीत माणसं नाहीत. आकृत्या आहेत, रंग आहेत, दुर्रीपासून पुढे एकेक शब्द आहे, आणि ग्रह-राशीच्या खुणा आहेत. त्या मुलीच्या सत्तीवर शनी आणि वृषभ होते. मराठी घरात वाढलेल्याला हा डेक इथेच जवळचा वाटू लागतो.

बारा राशी, प्रत्येकीचे दहा अंशांचे तीन भाग, म्हणजे ३६ द्रेष्काण. चार रंगांचे दुर्रीपासून दश्शीपर्यंतचे मायनर पत्ते मोजले, तर तेही ३६च होतात. दोन ते दहा हे नऊ पत्ते, गुणिले चार. प्रत्येक पत्ता एका द्रेष्काणाचा. वृषभाचा शेवटचा द्रेष्काण शनीचा, तोच सेव्हन ऑफ डिस्क्स. पृथ्वीतत्त्वाची संथ रास, त्यावर शनीचं ओझं. फेल्युअर हा शब्द या जोडीतून आला आहे.

पण घरातलं पंचांग उघडून थेट जुळवायला जाऊ नका. हा सगळा हिशेब सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या, राशींचा आहे; आपलं पंचांग निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून मोजलेलं. दोन्हींत सुमारे २४ अंशांचं अंतर आहे. ११ मेच्या सुमारास सायन सूर्य वृषभाच्या शेवटच्या द्रेष्काणात शिरतो, तेव्हा पंचांगात तो अजून मेषेतच असतो. द्रेष्काणाचे स्वामीही वेगळे. मेषेचे तीन आपल्याकडे मंगळ, रवी, गुरू. पत्त्यांत मंगळ, रवी, शुक्र. वृषभाच्या शेवटच्या द्रेष्काणाचा स्वामी मात्र दोन्हीकडे शनीच. हे जुळणं पाहून पुढच्या पत्त्यावर विश्वासानं घसरायला होतं, म्हणून पत्त्यावर छापलेली खूणच प्रमाण मानावी.

दुसरी अडचण राजा-राणीची. वेट-स्मिथमध्ये किंग, क्वीन, नाइट, पेज. थॉथमध्ये किंगच नाही: नाइट, क्वीन, प्रिन्स, प्रिन्सेस. घोड्यावरचा नाइट दोन्हीकडे दिसतो, पण थॉथमध्ये तो सर्वांत वरचा, घरचा कर्ता. त्याला धावपळ्या तरुण समजून वाचलं, की अख्खं रीडिंग बिघडतं. मेजरमधली नावंही बदलली आहेत, स्ट्रेंग्थचं लस्ट आणि टेम्परन्सचं आर्ट. त्यांची यादी एका बैठकीत पाठ होते.

"आधी वेट-स्मिथ शिका, मग थॉथ," असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. मैत्रिणींसाठी लवकर पत्ते काढायचे असतील, तर वेट-स्मिथ घ्यावा. ग्रह-राशींची ओढ असेल आणि रोज एक पत्ता वहीत उतरवायची तयारी असेल, तर थॉथपासूनच सुरुवात करावी. मात्र पुस्तक त्याच डेकचं हवं.

त्या मुलीचे पत्ते आम्ही पुन्हा मांडले. थॉथ वाचताना मी उलट्या पत्त्याचा वेगळा अर्थ धरत नाही. गोल्डन डॉनच्या रीतीनं शेजारच्या पत्त्यांचं तत्त्व बघते. अग्नी आणि जल एकमेकांना दुबळं करतात, तसेच वायू आणि पृथ्वी. तिच्या सत्तीच्या डावीकडे सिक्स ऑफ स्वॉर्ड्स होता, ज्यावर सायन्स लिहिलेलं असतं, आणि उजवीकडे प्रिन्सेस ऑफ स्वॉर्ड्स. दोन्ही तलवारी, दोन्ही वायू. मध्ये डिस्क्सची एकटी पृथ्वी. म्हणजे फेल्युअरचा जोर दोन्ही बाजूंनी ओसरलेला. तिनं वहीत सत्तीपुढे शनी, वृषभ आणि खाली "दोन्हीकडे वायू" असं लिहून घेतलं, आणि पुस्तक परत पिशवीत टाकलं.