धावताना गाणं कोणतं? एका निवडीची पार्श्वभूमी

धावणाऱ्याला गाणं स्वतः निवडता येऊ लागलं, त्याला अजून पन्नास वर्षंही झालेली नाहीत. त्याआधी संगीत असलंच, तर ते आयोजकांच्या मर्जीनं. 1911 मध्ये अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ लिओनार्ड आयर्स यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या सहा दिवसांच्या सायकल शर्यतीची नोंद प्रसिद्ध केली. बँड वाजत असताना सायकलस्वारांचा सरासरी वेग ताशी 19.6 मैल, बँड थांबला की 17.9. शर्यत सायकलींची होती खरी, पण संगीत आणि वेग यांचा संबंध आकड्यांत मांडण्याचा हा फार जुना प्रयत्न.

1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा फ्रँक शॉर्टर मॅरेथॉन जिंकला आणि अमेरिकेत जॉगिंगची लाट आली. मग 1 जुलै 1979 रोजी सोनीनं जपानमध्ये वॉकमन, म्हणजे चालता-फिरता कॅसेट ऐकायचं छोटं यंत्र, विक्रीला आणला. निळा-चंदेरी, दोन सेलवर चालणारा, कमरेला अडकवता येणारा. खरा बदल इथे झाला. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासात संपते, म्हणून गाण्यांचा क्रम आधीच ठरवावा लागे: सुरुवातीला संथ, अंग तापल्यावर उडतं. आपल्याकडे तर दुकानात यादी देऊन कॅसेट भरून घ्यायचे. मला ती शिस्त आजच्या न संपणाऱ्या प्लेलिस्टपेक्षा जास्त कामाची वाटते, कारण धाव किती वेळाची आणि कशी, याचा विचार निवडीतच होत असे.

ठेक्याचं महत्त्व ठळक केलं इथिओपियाच्या हैले गेब्रसेलासीनं. 1998 मध्ये बर्मिंगहॅमला त्यानं 2000 मीटर इनडोअरचा विश्वविक्रम केला, तेव्हा स्टेडियममध्ये ‘स्कॅटमन’ हे त्याच्या आवडीचं गाणं लावलेलं होतं आणि त्याच्या ठेक्यावर तो पावलं टाकत होता. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कोस्टास कारागिऑर्गिस बरीच वर्षं याच विषयावर काम करत आले आहेत. त्यांच्या मते व्यायामाला साधारण मिनिटाला 120 ते 140 ठोक्यांची गाणी मानवतात. हलक्या-मध्यम वेगात संगीतामुळे दमणूक कमी जाणवते. जीव तोडून पळताना मात्र शरीराच्या हाकेपुढे गाण्याचं फारसं चालत नाही.

2006 मध्ये नायकी आणि ॲपलनं बुटातला सेन्सर आयपॉडला, म्हणजे खिशातल्या गाणी ऐकायच्या यंत्राला, जोडला. त्यात ‘पॉवरसाँग’ अशी सोय होती: पाय जड झाले की एक बटण दाबायचं, ठरवून ठेवलेलं गाणं सुरू.

याच सुमारास वाद पेटला. अमेरिकेच्या ॲथलेटिक्स महासंघानं 2007 पासून शर्यतीत हेडफोनवर बंदी घातली. मागून येणारी सूचना ऐकू येत नाही, हे एक कारण आणि संगीताचा अवाजवी फायदा होतो, हे दुसरं. हौशी धावपटू चिडले. अखेर 2008 च्या शेवटी नियम सैल झाला. बक्षिसासाठी पळणाऱ्यांवरची बंदी तशीच राहिली, बाकीच्यांचा निर्णय आयोजकांवर सोपवला गेला. सुरक्षिततेचा मुद्दा मला आजही पटतो. रहदारीच्या रस्त्यावर पळायचं, तर आवाज हॉर्न ऐकू येईल इतकाच हवा.